तो हसत होता का?

वाशीच्या नव्या शाळेत मी मास्तर म्हणून आलो, तेव्हा मी राहायचो त्या इमारतीतल्या बहुतेक खोल्यांना अजून कुलपं होती. घराण्यातला पहिला पदवीधर मी. वडिलांनी गावभर पेढे वाटले होते, नोकरी मिळाली म्हणून देवाला नारळ फोडला होता. इथे मात्र शाळा सुटली की दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसे.

शाळेमागून मिठागराच्या बांधाने गेलं की खाडीकाठी जुनं गाव लागे. तिथला एक तरुण एकाहत्तरच्या लढाईत कामी आला होता. मरणोत्तर वीरचक्र मिळालं होतं त्याला. त्या गावातून फौजेत गेलेला तो एकटाच. मागे राहिली त्याची आई. आमच्या साताऱ्याकडच्या गावात घराआड फौजी. अशा आईच्या शेजारी येऊन बसायला तिथे दहा आया असतात. हिच्याजवळ कुणी नव्हतं. नवराही आधीच गेलेला.

प्रजासत्ताक दिनाला शाळेने तिचा सत्कार ठरवला. तिला घेऊन यायचं काम माझ्याकडे आलं; मी मावशी म्हणून हाक मारली. पदक त्यांनी पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं.

पाहुणे महाप्याच्या एका कारखान्यातले मोठे साहेब होते. त्यांनी आवाज चढवून सांगितलं, "या वीराने छातीवर गोळ्या झेलल्या आणि हसत हसत मरणाला मिठी मारली!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वक्तृत्व स्पर्धांतून अशी वाक्यं ऐकतच आम्ही मोठे झालो होतो. मावशी मात्र खुर्चीत पुढे सरकून बसल्या.

परत जाताना त्या बांधावर थांबल्या.

"मास्तर, तो सायब फौजेत व्हता?"

"नाही, मावशी."

"मंग माजा पोर हसत व्हता, ह्या त्याला कोनी सांगितला?"

त्या माझ्याकडे वळल्या.

"फौजेची मानसा आलती घरी. त्यांनी पन नाय सांगितला. तू सायबाला इचार. कोनी बघितला त्याला, त्याचा नाव आन. मी जाईन त्याच्याकरं, कुठं बी असू दे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी महाप्याला गेलो. साहेब माणूस भला. चहा मागवला. माझा प्रश्न ऐकून मात्र त्यांनी कप खाली ठेवला.

"अहो सर, बोलण्याच्या ओघात येतं ते. तुम्ही मराठी शिकवता, तुम्हाला काय सांगायचं!" मग जरा थांबून म्हणाले, "पेपरात वाचलं होतं म्हणून सांगा त्यांना. बिचारीला तेवढंच बरं वाटेल."

बसमध्ये मी ते 'पेपरात वाचलं होतं' मनात म्हणून पाहिलं. सोपं होतं.

मावशी ओटीवर सुपात सुकट निवडत बसल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

"नाय ना बघितला कोनी?"

"नाही, मावशी. साहेब नुसतंच बोलले तसं."

त्यांनी सुपातली सुकट हाताने सारखी केली.

"बरा झाला सांगितलास. कालपासना त्याला हसताना बघायला जातंय, पन तोंडच येत नाय डोल्यासमोर. यष्टीत बसला ना, तवा डोलं लाल व्हतं त्याचं. मना दिसू नये म्हनून तोंड फिरवला त्यानी." त्यांनी पदराने नाक पुसलं. "भ्याला असंल. मना हाक मारली असंल. आनि मी हितं बाजारान मासली इकत व्हते."

आमच्या गावातल्या बायकांना अशा वेळी काय बोलायचं ते कळलं असतं. मला कळलं नाही. ओटीवर बसलो, मूठभर सुकट पुढ्यात ओढली आणि निवडू लागलो. मावशींनी सूप जरा माझ्याकडे सरकवलं. दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघं निवडत होतो.