आईच्या पायाचा एक्स-रे

माझं काम जंतांचं. तेही फार पूर्वी मेलेल्या माणसांच्या पोटातल्या जंतांचं. नाशिकच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षं उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांखालची माती तपासते. पुरलेल्या माणसाचं पोट कुजून जातं, आतडी जातात, पण जंतांच्या अंड्यांना टणक कवच असतं, ती मातीत तशीच राहतात. माकडहाडाजवळची थोडी माती घ्यायची, क्षाराच्या पाण्यात भिजत घालायची, बारीक चाळणीतून गाळायची आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. एखाद्या दिवशी लिंबाच्या आकाराचं, दोन्ही टोकांना बूच मारल्यासारखं एक अंडं दिसतं आणि शेकडो वर्षांपूर्वी कुणाचं तरी पोट दुखत होतं हे कळतं.

आईला याची गंमत वाटायची. "मेल्यावर बी पोट तपासता का लोकांचं," म्हणायची.

या कामात मला आणलं ते माझ्या मैत्रिणीनं. आम्ही शिकताना एका खोलीत राहिलेल्या. ती हाडांची अभ्यासक झाली. हाडांवरून वय, बाईमाणूस की पुरुष, कुठला आजार, हे ती सांगते. निफाडच्या अंगाला गोदावरीकाठी एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या गाडल्या गेलेल्या वस्तीच्या, टेकाडावर उत्खनन सुरू झालं, तेव्हा तिनं मला फोन केला. "हाडं मी बघते, माती तू बघ." त्या हंगामात ती आमच्याच घरी उतरायची. आई तिला नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी करून घालायची. ती आईला मावशी म्हणायची आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिच्याशी तासन्‌तास बोलायची. माझ्यापेक्षा तिचंच आईशी जास्त जमतं, असं मला वाटायचं आणि बरंही वाटायचं.

त्या टेकाडावर एका बाईचा सांगाडा निघाला. मैत्रीण ब्रशनं पायाकडची माती झाडत होती. मी पिशव्या घेऊन शेजारी थांबले होते. पाऊल मोकळं झालं आणि मला दिसलं की बोटांकडची हाडं टोक काढलेल्या पेन्सिलीसारखी निमुळती झाली आहेत. काही बोटं तर नव्हतीच. मी तिथंच बांधावर बसले.

"काय झालं गं? ऊन लागलं का?"

"नाही. असा पाय आमच्या घरात आहे," मी म्हणाले.

बोलून गेले. मग सगळंच सांगितलं.

आईचं सासर हरसूलच्या बाजूला डोंगरात. लग्नानंतर दोनेक वर्षांनी तिच्या पायावर चट्टा उठला. मग तिथली कातडी बधिर झाली. चुलीतला निखारा पावलावर पडला तरी तिला कळलं नाही, वास आल्यावर कळलं. घरच्यांनी तिचं ताट वेगळं केलं, मग अंथरूण वेगळं केलं, शेवटी गोठ्याशेजारी झोपडं घालून दिलं. वडील तिला घेऊन नाशिकला आले आणि परत गेले नाहीत. दवाखान्यातल्या गोळ्यांनी कुष्ठरोग पूर्ण बरा झाला, पण तोवर डाव्या पायाची बोटं गेली होती. कॉलनीत सांगितलं, पायावरून बैलगाडीचं चाक गेलं. वडील वारले तरी तेच चाललं. नाशकात आम्हा तिघांशिवाय कुणालाही खरं माहीत नव्हतं.

मैत्रिणीनं सगळं ऐकलं. माझा हात धरून बसली. मग पुन्हा सांगाड्याकडे वळली आणि याच रोगात झिजणारं, कवटीतलं नाकाच्या खालचं हाड झिजलंय का ते बघू लागली. झिजलं होतं.

महिन्याभरानं तिनं मला विचारलं, "मावशींच्या पायाचा एक्स-रे मिळेल का? त्या हाडांशी ताडून बघायचाय. माझ्यापुरताच."

मी म्हणाले, आईलाच विचार. तिनं विचारलं. आईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग डाव्या पायाचा मोजा वर ओढून घेतला. घरातसुद्धा ती पायमोजा काढायची नाही. मग म्हणाली, "तुला दाखवते. तुझ्याशिवाय कुणी बघायचं नाय."

"मावशी, शपथ," ती म्हणाली.

मीच दोघींना रिक्षानं द्वारका चौकाजवळच्या एक्स-रे सेंटरवर घेऊन गेले. टेबलावर पाय ठेवताना आईनं तिचा खांदा धरला होता, माझा नाही.

उत्खनन संपलं. तिचं काम नावाजलं जाऊ लागलं. नाशिकच्या एका सभागृहात तिचं व्याख्यान ठरलं. तिनं बजावून सांगितलं, "मावशींना आणायचंच. पुढची खुर्ची ठेवते." आईनं जांभळी पैठणीकाठाची साडी नेसली. कॉलनीतल्या दोन बायकाही हौसेनं बरोबर आल्या, त्यात आमच्या शेजारच्या काकू होत्या. सभागृह भरलं होतं. माझ्या जंतांच्या अंड्यांचे फोटोही पडद्यावर आले. मैत्रिणीनं माझं नाव घेतलं तेव्हा आईनं माझ्या मांडीवर थाप मारली.

मग त्या बाईचं पाऊल पडद्यावर आलं. आणि त्याच्या शेजारी एक एक्स-रे.

नाव झाकलेलं होतं. मला नावाची गरज नव्हती. मी आईकडे बघितलं. ती कौतुकानं पडद्याकडे बघत होती, तिला कळलंच नव्हतं.

मैत्रीण बोलत होती. छान बोलते ती. "आज या आजाराला घाबरायचं कारण नाही. हा पाय एका जिवंत बाईचा आहे. सासरच्यांनी तिला गोठ्याशेजारी ठेवलं होतं. आज ती पूर्ण बरी आहे, आणि मला सांगायला अभिमान वाटतो की ती आत्ता आपल्यात, पहिल्या रांगेत बसली आहे. मावशी, जरा उभ्या राहता का?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगा माना उंचावून बघायला लागल्या. आई उभी राहिली नाही. तिनं दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि साडी पुढून खाली सोडली. शेजारच्या काकू आधी तिच्या तोंडाकडे आणि मग खाली बघत होत्या. मी आईला धरून बाजूच्या दारानं बाहेर काढलं. टाळ्या अजून चालूच होत्या. लोकांना वाटलं असेल, बाई भारावली.

रिक्षात ती एकच वाक्य बोलली. "माझ्या हातचं जेवली गं ती."

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीकडे गेले. ती माझी वाटच बघत होती, पण गुन्हेगारासारखी नाही.

"मी नाव घेतलं नाही," ती म्हणाली.

"उभी राहा म्हणालीस."

"अगं, लोकांच्या डोक्यातली भीती घालवायची तर जिवंत माणूस दिसायला हवं. तूच म्हणायचीस ना, आईनं इतकी वर्षं लपवलं हे चूक आहे म्हणून?"

म्हणायचे. तिच्यापाशीच म्हणायचे, अंधार पडल्यावर गच्चीत बसून. ते वाक्य तिनं आता माझ्याच समोर आणून ठेवलं होतं. मी म्हणाले, "ते सांगायचं की नाही हे आईनं ठरवायचं होतं. तू शपथ घेतली होतीस."

"तू फार वैयक्तिक घेतेयस," ती म्हणाली. मी एक्स-रे मागितला. तिनं तो पाकिटात घालून दिला. त्याची प्रत तिच्याकडे राहणार हे दोघींना माहीत होतं.

त्या व्याख्यानाचा व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर फिरला. कुणी वाईट बोललं नाही. उलट दोघीतिघींनी फुलं पाठवली. पण उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या, तेव्हा आईला कुणी बोलावलं नाही. गव्हाचा चीक शिजवायचं काम दरवर्षी तिचंच असायचं, तिच्यासारखा गुठळी न होऊ देता कुणाला जमत नव्हता. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "यंदा तुम्ही आराम करा वहिनी. तुम्हाला उभं राहायचा त्रास नको."

"बरं," आई म्हणाली. दार लावून घेतलं आणि गहू भिजत घातलेलं पातेलं मोरीत ओतून दिलं. तिनं आपल्या वाटचे गहू आधीच भिजवले होते.

मैत्रीण एकदा घरी येऊन गेली. मी तिला दारातूनच घालवलं असतं, पण आईनं आत घेतलं, पाणी दिलं. चहा ठेवला नाही. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही दुखावल्या असाल तर माफ करा."

"असाल तर कशाला?" आई म्हणाली. "मला झोपड्यात ठेवलं त्यांचा मला राग होता. पण ती माणसं अडाणी होती, भ्याली होती. तू तर सगळं शिकलेली. तुला भ्या नव्हतं, म्हणून मी तुला पाय दाखवला."

मैत्रीण रडली. आई रडली नाही. तिनं ग्लास उचलून नेला आणि भांडी घासायला बसली. थोडा वेळ थांबून मैत्रीण निघून गेली. पुढे ती पुण्याला गेली. तिचा लेख छापून आला, त्यात माझं नाव आहे, अंड्यांचे फोटो आहेत आणि एक्स-रेही आहे. खाली लिहिलंय की रुग्णाच्या संमतीनं. मी पत्र लिहून तो काढायला लावला. इंटरनेटवरच्या प्रतीतून तो काढला गेला. छापील प्रतींत तो आहे तसाच आहे.

मी काम सोडलं नाही. इगतपुरीकडून आलेली माती सध्या टेबलावर आहे. त्यात अजून काही सापडलेलं नाही. आता हाडांचं काम बघायला दुसरी एक मुलगी येते. हुशार आहे, स्वभावानं चांगली आहे. डबा खाताना ती आपल्या घरचं सगळं सांगते, आणि मी ऐकते.

गेल्या वर्षी माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी होती. कॉलेजात मी सांगितलं की नातेवाइकांकडे लग्न आहे. आईनं विचारलं, "खरं का नाय सांगितलंस? लपवण्यासारखं काय हाय त्यात?"

मी म्हणाले, काही नाही. आणि तिला जखमेवरची पट्टी बदलायला दिली.