समोरच्या बाजूचं घुबड

दुपारची जेवणं आटोपून हर्षदा अप्पांच्या कॉटवर आडवी होते. पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातो, आणि झोप लागली की नाही हे ठरायच्या आत अप्पा पायथ्याशी येऊन बसलेले असतात.

तिला आधी संशयच येतो. त्यांच्या अंगातला निळा शर्ट तिनं स्वतःच्या हातानं देऊन टाकलाय.

"शर्ट कुठून आणलात?"

"मिळाला."

जिवंतपणीही ते असंच उडवून लावायचे, म्हणून ती थोडा विश्वास ठेवते.

उद्या पेंटर येणार आहे. शाळेच्या प्रयोगशाळेला खैरमोडे सरांचं, म्हणजे अप्पांचं, नाव द्यायचं आणि नावाखाली सरांची सही म्हणून चष्मेवालं घुबड काढायचं, असं माजी विद्यार्थ्यांनी ठरवलंय. तपासलेल्या प्रत्येक वहीवर अप्पा सहीऐवजी ते घुबड काढायचे. "पोरांच्या वह्यांवर कसलं अवलक्षण," म्हणून आई चिडायची. अप्पांचं असं, खास त्यांचं, तेवढंच तर होतं. पण शोकसभेत फोटोशेजारचं घुबड बघून त्यांचे जुने मित्र यासीनकाका पुटपुटले, "माझं घुबड म्हातारं झालं की." हर्षदा मागेच उभी होती. तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकतेय.

"घुबड कुणाचं, अप्पा?"

"कुठलं घुबड?"

आईनं सिगारेटचं विचारलं की "कुठली सिगारेट?" म्हणायचे, तोच सूर.

"यासीनकाका म्हणाले, त्यांचं."

"यासीन जरा जास्तच बोलतो."

"मग काढून दाखवा."

कॉटचं आता प्रयोगशाळेतलं लांब टेबल झालंय. मोरचुदाचं निळं पाणी चंचुपात्रात हलतंय. अप्पा खडू उचलतात. आधी चष्मा, मग पोट, शेवटी पाय. घुबड तिला सुलट दिसतं, म्हणजे त्यांच्या बाजूनं उलटं. ते नेहमी असंच काढायचे. सभेत जो तो तेच बोलला: सर घुबडाचं तोंड आमच्याकडे करून काढायचे. तिलाही लहानपणापासून वाटत आलंय, ते आपल्यासाठी.

"आता तुमच्या बाजूनं सुलट काढा."

अप्पा तळहातानं घुबड पुसतात. खडू टेकवतात. तो तसाच राहतो.

"तसं येत नाही मला."

टेबलावर आता हॉस्टेलच्या आमटीचे डाग आहेत. एका बाजूला मिसरूड फुटलेला यासीन मान खाली घालून घुबड काढतोय. समोर तेवढ्याच वयाचे अप्पा, त्यांना दिसतंय तसं, उलटंच उतरवून घेतायत. हर्षदा मध्ये उभी.

"विचारलं होतंत त्यांना?"

"त्याचे वडील गेले. कॉलेज सोडून तो फळांच्या गाडीवर उभा राहिला. खुर्ची रिकामी दिसायची, मग मीच काढत बसायचो."

"हे उत्तर झालं का?"

"नाही."

"आणि हे तुम्ही सांगताय, की झोपेत मीच रचतेय? माझ्या सोयीनं?"

"तुझ्या सोयीचं असतं तर घुबड माझं निघालं असतं."

"काकांना कधी बोललात?"

"राहिलं," अप्पा म्हणतात. यासीनची खुर्ची रिकामी आहे. आता त्यांचीही.

जाग येते तेव्हा पंखा पुन्हा डोक्यावर आलेला असतो. बोटांना काहीतरी खरखरतंय. उजवा अंगठा आणि तर्जनी पांढरी. भिंतीचा रंग लागला असेल, म्हणून ती दुसरं बोट भिंतीवर ओढून बघते. ऑइलपेंट. काही लागत नाही.

ती फोन लावते.

"काका, हर्षदा बोलतेय. उद्या शाळेत याल? पाटीवर घुबड काढायचंय."

"का, पेंटरला घुबड येत नाही होय?"

"तो अप्पांचं बघून काढेल. मला तुमच्या हातचं हवंय. आणि खाली तुमचं नाव."

पलीकडे कुणीतरी पेरूचा भाव विचारतं. काका त्याला थांबायला सांगतात.

"चष्मा लागतो आता मला," ते म्हणतात. "येतो."

फोन ठेवल्यावर काचेवर तिच्या अंगठ्याचा पांढरा ठसा असतो.