एकही रकाना रिकामा नाही

आमच्या कारखान्याने मनाची काळजी घ्यायचं ठरवलं ते एका सोमवारी, आणि बुधवारपर्यंत काळजी घेणारे तयारसुद्धा झाले. कर्मचारी विभागाच्या मॅडमनी दोन दिवसांचं शिबिर घेतलं, पिवळे बिल्ले वाटले आणि प्रत्येक खात्यातल्या एकाला 'मनमित्र' करून टाकलं. सहकाऱ्याने मन मोकळं करायचं, मित्राने ऐकायचं आणि गोष्ट दोघांतच राहायची, असं फलकावर लिहिलं होतं.

आमच्याकडून स्टोअरकाका गेले. म्हणजे आम्हीच ढकलले. एकोणतीस वर्षं ते सामानाच्या खिडकीमागे बसत होते. साधा नट हवा असला तरी चिठ्ठी लागायची, आणि तिच्यात एक जरी रकाना रिकामा दिसला की काका ती परत सरकवायचे. "भरून आण. घाई तुला आहे, मला नाही." घरीही तेच. बाजारात निघाले की बायकोला विचारायचे, "साबण कुठला, किती, कशासाठी?" काकू म्हणायच्या, "अंघोळीसाठी. सही करू का?" पण माणूस सज्जन, इकडची काडी तिकडे कधी केली नाही.

त्यांच्याकडे पहिला आला तो क्रेनवाला. आमच्याकडे क्रेन एकच आणि ती चालवणाराही एकच. पत्र्यांचे गठ्ठे डोक्यावरून नेताना त्याने आजवर कुणाला खरचटूही दिलं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ गेला होता, आणि तेव्हापासून घरात शिरलं की त्याला रडू यायचं.

"वर केबिनमध्ये असतो तेवढाच बरा असतो, काका. ते काम गेलं तर मी संपलो. कुणाला कळू देऊ नका."

काकांनी तासभर ऐकलं. मध्ये बोलले नाहीत, उपदेश केला नाही, चहा दिला. हे काम त्यांना आमच्यापैकी कुणाहूनही चांगलं जमलं, हे मी मुद्दाम लिहितो. क्रेनवाला जाताना चक्क हसला.

महिनाअखेरीस मॅडमचा तक्ता आला. वर ठळक अक्षरांत 'नाव लिहू नये'. खाली रकाने: खातं, काम, नोकरीची वर्षं, त्रास कसला, कधीपासून. शहाण्याने तिथे सरळ रेघ मारली असती. काकांनी नाव तेवढं टाळलं, बाकी सगळं सुवाच्य अक्षरांत भरलं. 'काम: क्रेन चालवणे.' मला दाखवून म्हणाले, "बघ, नाव आहे का कुठे?" मी बघितलं आणि हसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

चार दिवसांत क्रेनवाल्याला खाली उतरवलं. शिक्षा नाही हं, काळजी! "त्यांना आरामाची गरज आहे," मॅडम म्हणाल्या. आराम म्हणून त्याला गोदामाच्या कोपऱ्यात खोके चिकटवायला बसवलं. येणारा-जाणारा त्याच्याशी तापाने फणफणलेल्या पोराशी बोलावं तसं बोलू लागला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्याची गत झाली.

काका मॅडमकडे जाऊन कागद परत मागू लागले. "अक्षर तुमचंच आहे ना?" एवढंच त्यांना विचारण्यात आलं. मग ते गोदामात गेले.

"चुकलं रे माझं."

क्रेनवाला चिकटपट्टी ओढत राहिला. "तुम्ही खोटं काहीच लिहिलं नाहीत, काका. मीच बोललो."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून खिडकीशी लोक फक्त सामानासाठी येऊ लागले.

पुढचे तीन महिने सगळ्या मनमित्रांचे तक्ते कोरे गेले. मॅडमनी आम्हाला जेवणघरात जमवून पडद्यावर भलंमोठं शून्य दाखवलं. "एकाही सहकाऱ्याला त्रास नाही! आपल्या कारखान्याचं मन निरोगी आहे. कुणाला काही बोलायचंय?"

काका उठायला लागले. शेजारी बसलेल्या क्रेनवाल्याने त्यांचा हात धरून खाली ओढलं.

"बसा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मी पूर्ण बरा झालो असं लिहून दिलंय. उद्यापासून वर पाठवतायत."

आणि तो सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवू लागला.