वगळलेली ओंजळ

चर्चमध्ये प्रभुभोजनासाठी मी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले होते. शेजारी मार्थाबाई होत्या. प्रभूच्या भाकरीचा तुकडा घ्यायला त्यांनी ओंजळ पुढे केली. पाळकसाहेबांनी ती पाहिली आणि ताटली घेऊन सरळ माझ्यापुढे आले.

कारण साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. लेकीला माती दिल्यापासून, सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासांगीकारात देहाच्या पुनरुत्थानाचे, मेलेले पुन्हा उठतील असे शब्द आले की मार्थाबाई गप्प होतात. पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "नाही बसत विश्वास. देवाच्या घरात खोटं कसं बोलू?"

एकाच विश्वासाने आम्ही बांधलेले आहोत, असं आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. कोण मनापासून म्हणतंय आणि कोण नुसतं तोंड हलवतंय, हे मात्र कोणी तपासत नाही. तपासलं तर या कठड्याशी कितीजण उरतील? त्यापेक्षा खरं बोलणारं एक माणूस बाहेर काढलं की पुरे. बाकीचे आपोआप विश्वासणारे ठरतात.

बायको गेल्यापासून त्या शब्दांना मीही फक्त ओठ हलवतो.

मार्थाबाईंची ओंजळ अजून तशीच होती. मागोमाग द्राक्षारसाचा प्याला आला, तोही त्यांना ओलांडून. मी नेहमीपेक्षा मोठा घोट घेतला.