टबातलं पांढरं

गल्लीत त्यांना सगळे झडतीकाका म्हणत. कारखान्याच्या फाटकावर सुटणाऱ्या माणसांचे डबे उघडून बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं खर्ची पडली होती. निवृत्त झाल्यावर फाटक सुटलं, खोड काही सुटली नाही. काकू बाजारातून आल्या की काकांची नजर आधी पिशवीवर जायची, मग काकूंवर. धोबी, पोस्टमन, समोरच्यांची मांजर, सगळ्यांच्याच वागण्यात त्यांना काहीतरी काळंबेरं दिसे.

अशा घरी लेक आपलं कासव ठेवून नोकरीसाठी परगावी गेली. "बाबा, जीव आहे हा माझा. सांभाळा," एवढंच म्हणाली. काकांनी त्याच दिवशी पहारा बसवला.

कासवाला अंघोळ काकू घालत. पसरट टब, कोमट पाणी, तेही त्याच्या हनुवटीखालीच. कासव त्यात बसून निवांत पाणी पीत असे आणि काका दारात उभे. एके सकाळी टबाच्या तळाशी कपड्यांच्या खळीसारखं पांढरं काहीतरी दिसलं. काकांच्या मनात पाल चुकचुकली.

"साबण घातलास?"

"अहो, कासवाला कुणी साबण लावतं का?"

"मग हे कुठून आलं?"

"त्यालाच विचारा. मला काय माहीत?"

काकांनी वाकून वास घेतला आणि तितक्याच घाईने मान मागे घेतली. साबण नव्हता. म्हणजे प्रकरण त्याहून गंभीर, विषाचंच. परवाच ही म्हणाली होती, सारखं पायात येतं मेलं. काकांनी तो पांढरा ऐवज बाटलीत भरला, टब कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. चौकशी होईपर्यंत अंघोळ बंद.

चौकशी लांबली. दिवस उन्हाळ्याचे. कासवाचे डोळे आत गेले, पानांना ते तोंड लावेना. काकांचा संशय भाजीवाल्यावर गेला, तिथून मांजरीवर. लेकीचा फोन आला, "दाखवा ना त्याला." काका म्हणाले, "झोपलंय." फोन ठेवून त्यांनी कासवाच्या आत गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग मात्र कासव आणि बाटली घेऊन दोघं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी बाटली उजेडात धरली. "काका, हे विष नाही. लघवीतले क्षार आहेत, कासव असेच टाकतं."

त्यांनी कासवाला कोमट पाण्यात बसवलं. बऱ्याच वेळाने थोडं पांढरं आलं. बाईंनी हातमोज्याच्या बोटांत ते चोळलं.

"आता रवाळ झालंय, म्हणजे अंगात पाणी कमी पडलंय. अंघोळ कुणी बंद केली?"

काकू भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख बघू लागल्या. हा प्रश्न अगदी याच सुरात काकांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता.

"मी," काका म्हणाले.

"सध्या रोज पाण्यात बसवा, नंतर पुसून कोरडं करा, उन्हात सोडा, सावलीही जवळ असू द्या. आणि दर वेळी साबणाने हात धुवा. तुमचे, त्याचे नव्हेत."

काका रोज कोपराने पाणी तपासून टबाशी उकिडवे बसू लागले. एके सकाळी पांढरं पुन्हा खळीसारखं मऊ आलं आणि दुपारी कासवाने पान ओढलं. काकांनी स्वतःहून लेकीला फोन लावून ते दाखवलं.

फोन संपताच काकूंनी हात पुढे केला. "कपाटाची किल्ली."

काकांनी दिली.

"दुसरी?"

"दुसरी नाहीये गं."

"बघू खिसे."

फाटकावर लोक ज्या मुकाट्याने उभे राहत, त्याच मुकाट्याने काकांनी दोन्ही हात वर केले.