कुणाच्या सालाचं घर

फेंगशुईवर, म्हणजे चिनी वास्तुशास्त्रावर, विश्वास आहे का, असं अरुणाला कुणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, आहे तो माझ्या नवऱ्याचा. निशिकांत जहाजावर चीफ इंजिनिअर. एका चिनी कॅप्टनच्या संगतीत त्याला हे वेड लागलं, आणि फेंगशुई बघणारे मास्टर गोह ‘हो’ म्हणाल्याशिवाय फ्लॅट घ्यायचा नाही, असं त्याने समुद्रावरूनच बजावून ठेवलं होतं.

मास्टरांनी तोवर बघितलेलं प्रत्येक घर नापास केलं होतं. एकाचं दार लिफ्टच्या तोंडावर, दुसऱ्याची शेगडी सिंकच्या समोर, म्हणजे आगीपाण्याचं रोजचं भांडण. अरुणाने निमूट ऐकून घेतलं. पण पासिर रिस भागातला हा फ्लॅट काही तिच्याने सोडवेना. सध्याचं भाड्याचं घर मालकाला परत हवं होतं, आणि हा फ्लॅट त्या घराच्या शेजारच्याच ब्लॉकात. लेकीची, तन्वीची शाळा इथली, आणि मुख्य म्हणजे शेजारीण मिसेस लिम इथल्या. तन्वी तापाने फणफणली तेव्हा निशिकांत सुएझमध्ये होता. घरच्या चपलांवर टॅक्सीत बसून दवाखान्यात आल्या त्या मिसेस लिम. असा शेजार अरुणाला सोडायचा नव्हता.

मास्टर फ्लॅट बघायला आले तेव्हा अरुणाबरोबर तन्वी आणि मिसेस लिमही होत्या. लोखंडी जाळीच्या दारापासून चार हात लांब उभे राहून त्यांनी लाल होकायंत्र धरलं, खिशातल्या तक्त्यावर बोट फिरवलं.

“वायव्येचं दार. बोकडाच्या सालातल्या पुरुषाला वाईट. नको.”

चिनी पंचांगात दर सालाला एक प्राणी; बोकडाच्या सालात जन्मलेला म्हणजे निशिकांत. मिसेस लिम भडकल्या. “आयो! सगळीच घरं याला वाईट? कसला गं हा तुझा बोकड?”

“बाबा नॉट ईव्हन हिअर, लाह,” तन्वी मोबाइलमधून मान न काढता इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली.

मास्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग असतो कुठे?”

“जहाजावर. वर्षातले जेमतेम तीन महिने घरी,” अरुणा म्हणाली.

“आणि हे मला आज सांगतेस?”

घरातल्या मुख्य माणसाचं जन्मसाल कोणतं, असं मास्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. अरुणाने निशिकांतचं सांगून टाकलं होतं. रेशनकार्डापासून सत्यनारायणाच्या संकल्पापर्यंत सगळीकडे तेच सांगत आलेली ती. यात विचार करण्यासारखं काही आहे, हेच तिला सुचलं नव्हतं.

“इथे रोज झोपणार कोण? चूल पेटवणार कोण? तुझं साल सांग.”

तिने सांगितलं. कुत्र्याचं निघालं. बोट पुन्हा तक्त्यावर फिरलं.

“तुला उत्तम,” मास्टर म्हणाले आणि होकायंत्र पिशवीत घालू लागले.

संध्याकाळी निशिकांतचा फोन आला. मागे इंजिनाची घरघर.

“उत्तम म्हणाले? मला?”

“मला.”

“म्हणजे कमवायचं मी, आणि घर तुझ्या सालाचं?”

एरवी ती म्हणाली असती, बरं बाबा, दुसरं बघू. आज तोंडून निघालं, “राहते मी, निशी. तू येतोस.”

 तिने शब्द मागे घेतले नाहीत.  

“मग मी आलो की काय करायचं? गॅलरीत झोपू?”

“दक्षिणेकडे डोकं करून झोपायचं, मास्टर म्हणालेत. तुझ्या आईंनाही चालेल, त्यांना उत्तरेकडेच डोकं नको असतं.”

तो हसला, मनापासून नव्हे, पण हसला. “घे मग,” म्हणाला.

डिसेंबरात तो सुट्टीवर आला तोवर पडदे लागले होते, डबे फळीवर चढले होते. पहिल्या रात्री दक्षिणेकडे उशी टाकून तो आडवा झाला आणि अंधारात भिंतीवर हात फिरवत राहिला. “पंख्याचं बटण कुठलं गं?”

“डावीकडून दुसरं,” अरुणा म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.