सगळ्यांदेखत सोडलेले मासे

मच्छीमारांच्या सोसायटीतलं कोणीतरी लहान मासे चोरून विकतंय, याची मला खात्री होती. कोण विकतंय, एवढंच शोधायचं होतं.

मी मत्स्यविकास अधिकारी. येलदरीच्या धरणावर आमचा नियम साधा होता. अर्ध्या किलोच्या आतला मासा जाळ्यात आला, तर जिवंत परत सोडायचा, म्हणजे तो वाढतो. दरसाल बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडूनही मोठा मासा घटत चालला होता. साहेब फोनवर म्हणाले, "चोर सापडत नसेल तर ठेकाच रद्द करा." ठेका गेला की मासेमारी बंद, आणि काठावरच्या घरांच्या चुलीही बंद.

चेअरमन दत्तरावांनी मला बाजूला घेऊन गंगाराम नावाच्या मच्छीमारावर बोट ठेवलं. गंगारामने दत्तरावांच्या मेव्हण्यावर. मला तिघांचाही संशय आला.

एका सकाळी मी न कळवता धरणावर गेले. होड्या काठाला लागत होत्या. प्रत्येकाने लहान मासे क्रेटमध्ये वेगळे काढले होते, पण सगळ्या होड्या येईपर्यंत कोणी त्यांना हात लावला नाही. मग सर्वांसमोर एकामागून एक क्रेट पाण्यात रिकामे होऊ लागले. मासे वळवळले आणि गेले. चोरी कुठेच दिसेना, त्यामुळे मी जास्तच चिडले.

"पकडले तिथंच का सोडत नाही?" मी विचारलं.

"तिथं सोडले का घरी नेले, कोन बघायलाय?" गंगाराम म्हणाला. "म्हनून समद्यांदेखत सोडायचं ठरलंय, मॅडम."

दत्तरावांनी मान डोलावली. दोघांचं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं.

सोडलेल्या माशांचं पुढे काय होतं ते बघायला मी उरलेल्या एका क्रेटमधले मासे हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, सोडायला लावले. हाप्याच्या तोंडाची गाठ दत्तरावांनी स्वतः मारली. त्यांना माझाही भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाठ तशीच होती. आत बहुतेक मासे पोट वर करून तरंगत होते. काठावर क्रेटमध्ये ताटकळून त्यांचे कल्ले सुकले होते. वळवळत गेलेला मासा जगतोच असं नाही. रोजचे मेलेले मासे वाऱ्याने पलीकडच्या काठाला लागायचे, आणि तिकडे बगळ्यांशिवाय कोणी फिरकत नव्हतं.

"म्हंजी आमीच मारले का?" गंगारामने हळू विचारलं. मला वाईट वाटलं.

ठेका वाचला. आता लहान मासा होडीतूनच जागच्या जागी सोडतात. जाळ्यांची भोकंही मोठी करून घेतली, म्हणजे तो फारसा अडकतच नाही. संशय मात्र गेलेला नाही. रोज सकाळी सगळे मच्छीमार एकमेकांच्या जाळ्यांची भोकं मोजतात. मोजू देत. जाळं काठावर कितीही ताटकळलं तरी मरत नाही.